चार वेळा पडली आणि चारही वेळा काटा शून्यावर होता (पुण्यात ॲडव्हेंचर बाइक रोज वापरणाऱ्यांसाठी धागा)

वारजेकर :

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले, आज लाइट गेलीये आणि लॅपटॉपला थोडी बॅटरी आहे म्हणून बसलो.

गाडी घेऊन सव्वादोन वर्षं झाली, २३,४०० किलोमीटर झालेत. चारशे सीसीच्या वरचं सिंगल सिलिंडर इंजिन, रेडिएटरवालं, पुढे २१ इंची चाक मागे १७, वजन दोनशे किलोला थोडंसंच कमी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाव लिहिलं की दुसऱ्या प्रतिसादापासून पानिपत सुरू होतं आणि मूळ विषय राहतो बाजूला. ज्यांना वर्णनावरून ओळखायचीये त्यांनी ओळखा आणि मनात ठेवा.

यूट्यूबवर या गाड्यांचे जेवढे रिव्ह्यू आहेत त्यात माणूस स्पितीत किंवा लडाखमध्ये असतो, मागे बर्फ, वर ड्रोन. मी राहतो वारज्यात आणि ऑफिस हिंजवडी फेज २ ला. म्हणजे माझी गाडी आठवड्यातले पाच दिवस चांदणी चौक, बाणेर, वाकडचा ब्रिज, भूमकर चौक एवढीच ॲडव्हेंचर करते. या वापरात गाडी कशी आहे हे मला घेण्याआधी कोणीच सांगितलं नाही म्हणून हा धागा.

तर पहिली गोष्ट, गाडी आजपर्यंत चार वेळा पडली. घाबरू नका, मला खरचटलंही नाही कारण चारही वेळा स्पीड शून्य होता. ऐंशीला, नव्वदला, पावसात ताम्हिणीत, वरंध्याच्या उखडलेल्या रस्त्यावर, कुठेही या गाडीने मला कधी दगा दिला नाही. हिचं सगळं दुखणं दहाच्या खालच्या स्पीडला आहे आणि शोरूमवाले टेस्ट राइड देतात ती नेमकी दहाच्या वरची.

पहिल्यांदा पडली ती घेतल्यापासून तिसऱ्या दिवशी, सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर. रॅम्प वळणाचा आहे, समोरून कार आली म्हणून थांबलो, उजवा पाय टेकायला गेलो तर जमीन होती त्यापेक्षा चार बोटं खाली. माझी उंची पाच फूट सहा. त्या चार बोटांत गाडी जी कलली ती मग कोणाच्या बापाला थांबवता येत नाही, दोनशे किलो एका कोनापर्यंत तुमचं ऐकतात आणि त्याच्यापुढे नाही. वॉचमन काका धावत आले आणि उचलताना म्हणाले, साहेब, परत करता येत असेल तर बघा.

दुसऱ्यांदा पेट्रोल पंपावर. टाकी फुल्ल केली, साइड स्टँड अर्धवट उघडलं गेलं होतं ते बघितलं नाही, उतरलो आणि गाडी माझ्याकडे बघत बघत आडवी. टाकी सोळा-सतरा लिटरची, पेट्रोल लिटरला पाऊण किलो धरलं तरी बारा किलो वजन वरच्या अंगाला वाढतं. फुल्ल टाकीची गाडी आणि रिझर्व्हला आलेली गाडी या उभं राहताना दोन वेगळ्या गाड्या आहेत हे मला तेव्हा कळलं. मागे रांगेत पंधरावीस ॲक्टिव्हावाले होते, तो अपमान वेगळा.

तिसऱ्यांदा पाबे घाटात. खानापूरकडून चढत होतो, मागे ढग खाली उतरलेले दिसले म्हणून फोटो काढायला परत वळायचं ठरवलं. चढावर उजवीकडे यू टर्न घेताना अर्ध्यात आलं की उताराची बाजू बरोबर उजव्या पायाखाली येते. तिथे मला वाटलं वळण पुरत नाहीये, हँडल वळलेलंच होतं आणि मी पुढचा ब्रेक दाबला. झालं. रस्त्याच्या मधोमध. मी दोन्ही हातांनी हँडल धरून ओढतोय, गाडी ढिम्म. तेवढ्यात वरून एक दूधवाले काका आले, स्प्लेंडर, दोन्ही बाजूंना किटल्या. ते आधी उतरलेच नाहीत, बसल्या बसल्याच म्हणाले, "चावी बंद करा. आता गिअरात टाका, न्हाईतर उचलली की पळंल खाली." मग उतरले. "स्टँड वर आलंय बगा, ते आत्ताच उघडून ठेवा, म्हंजी उभी राहिली की पलीकडं कलंडायची न्हाई. आन तिच्याकडं तोंड नगा करू, पाठ लावा." पाठ लावून, एक हात हँडलला एक हात मागच्या कॅरिअरला, गुडघ्यातून उठत मागे मागे पावलं टाकायची. उठली! हेच मी यूट्यूबवर तीनदा बघितलं होतं आणि एकदाही आठवलं नव्हतं.

चौथ्यांदा दिवेआगरला. रात्री होमस्टेच्या वाडीत लावली, जमीन भुसभुशीत, रात्री पाऊस झाला, साइड स्टँड हळूहळू रुतत गेलं आणि पहाटे कधीतरी गाडी केळीवर जाऊन झोपली. काकूंनी गाडीकडे बघितलं पण नाही, "केळ मोडली हो माझी, लागली होती" एवढंच दोनदा म्हणाल्या. तेव्हापासून सीटखाली एका जुन्या डब्याचं चपटं केलेलं झाकण ठेवलंय, माती दिसली की स्टँडखाली.

आता चांगलं. खड्डे. बायपासच्या सर्व्हिस रोडवर पावसाळ्यात जे काही असतं त्याला खड्डा म्हणणं म्हणजे खड्ड्याचा अपमान आहे, पण मी आता त्याच्याकडे बघत नाही. आधीच्या १५० सीसीवर संध्याकाळी कंबर धरायची, सव्वादोन वर्षांत एकदाही धरली नाही. उंच बसल्यामुळे चार गाड्या पुढचं दिसतं. मागे बसायला आईला आधी भीती वाटायची, आता ती सोसायटीच्या ओट्यावर उभी राहते, मी गाडी ओट्याला लावतो आणि ती घोड्यावर बसावं तशी वरून बसते. दर मंगळवारी तळ्यातल्या गणपतीला, सारसबागेत. तिथे उतरायला ओटा नाही, मग फूटपाथ शोधत फिरायचं.

वाईट म्हणजे गरम होते. एप्रिलमध्ये वाकडच्या ब्रिजवर रेडिएटरचा फॅन सुरू झाला की उजव्या नडगीवर कोणी हेअर ड्रायर धरल्यासारखं वाटतं. ऑफिसची पातळ पँट असेल तर विचारू नका. आणि पॅनिअर (मागे दोन्ही बाजूंना लावायच्या सामानाच्या पेट्या) लावून शहरात फिरू नका, मी लक्ष्मी रोडला एका हातगाडीवरच्या टिकल्यांची पाकिटं सांडून आलोय.

बाकीच्यांनी आपापलं लिहा. फक्त शहरातलं, रोजचं लिहा. लडाखचे फोटो नकोत, प्लीज.


जुनाबाजार :

लेख आवडला, विशेषतः केळीचा भाग. एकच बारीक शंका. तुम्ही तीन-साडेतीन लाखांची गाडी घेऊन पाबे घाटात आडवे पडलात आणि तुम्हाला उचलायला जो आला तो ९७ सीसीच्या स्प्लेंडरवर, चाळीस लिटर दूध घेऊन, तोच घाट उतरत होता. आणि त्याची गाडी उभी होती. यातून तुम्हाला काही सुचलं नाही का?

माझी स्प्लेंडर २००६ ची. वजन तुमच्या गाडीच्या निम्म्याच्या आसपास. पडली तर एका हाताने उचलतो आणि दुसऱ्या हाताने वडापाव खातो.


वारजेकर :

सुचलं ना. पण काका, दूधवाल्यांना वळून ढगांचा फोटो काढायचा नव्हता :)


पाचफूटदोन :

उंची किती ते आयडीतच आहे त्यामुळे तो प्रश्न कोणी विचारू नये. माझ्याकडे याच वर्गातली गाडी गेली तीन वर्षं आहे, कोंढव्यात राहते, बोपदेव घाट हा माझा रोजचा रस्ता म्हटलं तरी चालेल कारण क्लिनिक सासवडला आहे. माझे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीला कधीच लागत नाहीत. एकही पूर्ण लागत नाही, डाव्या पायाचा चवडा लागतो. आणि मी गेल्या दोन वर्षांत एकदाही पाडलेली नाही, पहिल्या वर्षी सहा वेळा पाडली होती. त्यामुळे वारजेकर, चार म्हणजे काहीच नाही.

मुद्दा पाय टेकण्याचा नाहीचे. थांबायच्या आधी दहा फुटांवर ठरवायचं की कुठला पाय आणि कुठे. रस्ता दोन्ही बाजूंना उतरता असतो, डाव्या कडेला थांबलात तर डावीकडे जमीन खाली असते, हे स्कूटरवर कधी जाणवत नाही. मी थांबताना शक्य तिथे थोडी आत थांबते, पार कडेला जात नाही. बूड सीटवरून निम्मं डावीकडे सरकवायचं, उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा खाली. थांबायच्या शेवटच्या दोन मीटरमध्ये पुढचा ब्रेक सोडून द्यायचा आणि मागच्यावर थांबायचं. हँडल वाकडं असताना पुढचा ब्रेक म्हणजे गाडी जमिनीला वाहिली, ते तुम्ही अनुभवलंच आहे.

आणि जे कोणी उंची कमी म्हणून लोअरिंग लिंक (मागच्या सस्पेन्शनला लावून गाडी खाली आणणारा पार्ट) बसवायचा विचार करत असतील त्यांच्यासाठी माझी पश्चात्तापकथा. मी बसवली होती. गाडी इंचभर खाली आली, मी खूश. पण साइड स्टँड होतं तेवढंच राहिलं ना! गाडी खाली आली आणि स्टँडची लांबी तीच, त्यामुळे ती स्टँडवर कलायच्या ऐवजी जवळजवळ सरळ उभी राहायला लागली. सासवडच्या भाजी मार्केटबाहेर एका टेम्पोचा वारा लागला आणि गाडी उजवीकडे गेली. मग स्टँड कापून वेल्डिंग करून घेतलं, मग लक्षात आलं की स्पीडब्रेकरवर खालची प्लेट घासतेय, मग सगळं काढून परत मूळ पार्ट बसवले. शेवटी सीटचा फोम कडेने तासून घेतला, मधून नाही, कडेने. मांड्या आत जातात आणि पाय सरळ खाली जातो. सीटवाल्याने पाचशे रुपये घेतले. लिंकला किती गेले ते घरी सांगितलेलं नाही.


नवखा_९९ :

ताई एक नंबर प्रतिसाद. मी हडपसरला असतो, बजेट करून ठेवलंय पण गेल्या वर्षी २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वर ४० टक्के जीएसटी झाला आणि खालच्यांना १८, म्हणजे मी ज्या गाडीसाठी पैसे जमवत होतो ती वर गेली आणि जी नको होती ती स्वस्त झाली. आता २५०-३३० वाली ॲडव्हेंचर घ्यावी का? सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स २४९ सीसी आहे, येझ्दी ॲडव्हेंचर ३३४. का थांबून चारशेचीच घेऊ? आणि घरच्यांना कसं पटवलंत? आमच्या पिताश्रींचं म्हणणं आहे की एवढ्यात जुनी स्विफ्ट येते. आणि महिन्याचा खर्च खरा खरा सांगा.


वारजेकर :

@नवखा_९९, स्विफ्टचा मुद्दा माझ्या सासऱ्यांनी पण काढला होता, त्याला उत्तर नाही, फक्त विषय बदलायचा.

खर्च सांगतो. ॲव्हरेज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये २५-२६, हायवेला ऐंशीच्या आसपास ठेवली तर ३१-३२, शंभरच्या वर गेलात की लगेच खाली. चेन सेट २२ हजार किलोमीटरला बदलला, मागचा टायर १४ हजार किलोमीटरला, पुढचा अजून तोच आहे. चेन दर पाचशे-सहाशे किलोमीटरला पुसून ल्यूब करतो, पावसाळ्यात तीनशेलाच, नाहीतर चिखल वाळून वाळूकागदासारखा घासतो. हे रविवारचं अर्ध्या तासाचं काम आहे आणि बायको म्हणते घरातल्या पंख्याला कधी एवढं पुसलं नाही. खर्चापेक्षा वेळ जातो हे खरं. एकदा सर्व्हिसला दिल्यावर क्रॅश गार्डचे बोल्ट नीट न आवळता दिली होती, तेव्हापासून सर्व्हिसहून आली की घरी पाना घेऊन सगळे बोल्ट एकदा स्वतः बघतो.

२५० का ४०० यावर मी काही बोलणार नाही, पण वजन बघ. शहरात सीसी चालवायला लागत नाही, वजन सांभाळायला लागतं.


टॉर्करेंच :

वारजेकरांचं शेवटचं वाक्य बरोबर आहे पण अर्धंच, कारण दहाच्या खालच्या स्पीडला गाडी पडते त्यात वजनाइतकाच वाटा सिंगल सिलिंडरचा आहे. (पोटापाण्यासाठी चाकणला आहे, कुठल्या गेटच्या आत ते विचारू नका.)

चार स्ट्रोक सिंगलमध्ये दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. १५०० आरपीएमला म्हणजे सेकंदाला साडेबारा धक्के. त्या मधल्या रिकाम्या वेळात इंजिन नुसतं फ्लायव्हीलच्या (इंजिनातल्या जड फिरत्या चाकाच्या) जिवावर फिरत असतं. १०० सीसीच्या गाडीत प्रत्येक धक्का छोटा असतो म्हणून कळत नाही, चारशेच्या वर गेलं की धक्का मोठा आणि त्याआधीचं कॉम्प्रेशन पण मोठं, त्यामुळे आरपीएम पडले की गाडी आधी थडथडते आणि मग एकदम बंद पडते. यू टर्नच्या अर्ध्यात गाडी कललेली असताना इंजिन बंद पडलं म्हणजे तुम्हाला सरळ करणारा जोर अचानक गेला. बहुतेक लोक "वजनामुळे पडली" म्हणतात ती खरं तर आधी बंद पडलेली असते.

उपाय जुनाच आहे. एक्सलेटर एका जागी धरा, साधारण अडीच-तीन हजारांवर, हाफ क्लचवर (क्लच अर्धवट दाबून) स्पीड ठरवा आणि मागचा ब्रेक हलका दाबून ठेवा. मागचा ब्रेक आणि इंजिन एकमेकांविरुद्ध ओढत राहतात, चेन ताणलेली राहते, झटके जातात. अशा गाड्यांचा क्लच बहुधा ऑइलमध्ये बुडालेला असतो, पाच-दहा सेकंदांच्या हाफ क्लचने काही होत नाही, वाकड ब्रिजवर अर्धा तास तेच केलंत तर मात्र होईल. आणि नजर. जिथे वळायचंय तिथे बघा, पुढच्या चाकाकडे बघितलं की पुढच्या चाकापाशीच पडणार.

अजून एक, इथे कोणी लिहिलं नाही म्हणून. इंजेक्शनवाल्या गाड्यांमध्ये कल मोजणारा सेन्सर असतो, गाडी आडवी झाली की तो इंजिन बंद करतो. उचलल्यावर लोक स्टार्टर मारत बसतात, सुरू होत नाही म्हणून घाबरतात. चावी पूर्ण बंद करून परत चालू करा, मग स्टार्टर. टो व्हॅनचे पैसे वाचतील.

२१ इंची चाकाबद्दल: खड्ड्यात कमी आदळतं, कारण मोठा घेर खड्ड्याची कड लवकर आणि कमी कोनात पकडतो. तोटा म्हणजे हँडल जरा आळशी. ट्यूबवाली असेल तर प्रवासात एकच ट्यूब न्यायची तर २१ ची न्या, अडीअडचणीला ती १७ च्या मागच्या टायरमध्ये घडी करून घालता येते, उलटं होत नाही. गावात पोचेपर्यंत चालते, पुण्यापर्यंत नाही.

ॲव्हरेज कमी झालं म्हणणाऱ्यांसाठी: इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये त्याचा वीस टक्के वाटा, म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहासात टक्के फरक कागदावरच आहे. गॅरेजवाल्याशी भांडू नका.


मोफतसल्ला :

या गाड्या घेतल्यावर पुढचा टप्पा म्हणजे वेताळ टेकडीवर "ट्रेल" शोधायला जाणं. जाऊ नये. तिथे आम्ही चालायला जातो. टेकडीवर एआरएआय (गाड्या तपासणारी संस्था) आहे म्हणजे गाड्यांचं टेस्टिंग टेकडीवर करायचं असा अर्थ होत नाही.


भोरकर_पाव्हणा :

मोफतसल्ला काकांना +१ आणि आमच्याकडचं पण ऐका. मी भोरच्या पुढचा, नीरा देवघर धरणाच्या बाजूचा. जुलैमध्ये भात लावणी चालू असते, आमची माणसं गुडघाभर चिखलात वाकलेली, आणि शनिवार-रविवार पुण्याहून दहा-दहा गाड्या वरंध्याकडे. रस्त्याने जा की बाबांनो, रस्ता सगळ्यांचा आहे. पण गेल्या वर्षी चार जण बांधावरून खाचरात उतरले, कॅमेरा लावून, चिखल उडवायला. बांध फुटला, वरच्या खाचराचं पाणी खालच्यात गेलं. एक बांध परत घालायला दोन माणसं एक दिवस लागतात. विचारलं तर म्हणतात ऑफरोडिंग आहे. अरे ते रोडच्या ऑफ आमचं शेत आहे.

बाकी वारजेकर तुम्ही तसले वाटत नाही. इकडं आलात तर चहाला या. गाडी अंगणात लावा, जमीन कडक आहे, केळी नाहीत.


वारजेकर :

@भोरकर_पाव्हणा, शरमेने मान खाली. त्यातला मी नाही पण आमच्यासारख्याच गाड्या होत्या हे नक्की. चहा घेणार.

@टॉर्करेंच, तुमचं वाचून पाबे घाटातला प्रसंग परत डोळ्यासमोर आणला आणि खरंच, आधी गाडी बंद पडली होती! दोन वर्षं मी ब्रेकला दोष देत होतो, होते दोघंही.

अवांतर: ज्या गाडीला लोक हायवेची गाडी म्हणतात तिला मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी. मुंबईला जायचं तर जुन्या रस्त्याने लोणावळा, खंडाळा, घाटात शिंगरोबा देवाला नाणं टाकून खाली खोपोली. तक्रार करत नाहीये, तो रस्ता मला आवडतो. एक्सप्रेसवेवर शिंगरोबा कुठे. पण तीनशे किलोमीटर एका दमात मारायला घेतलेल्या गाडीवर मी जास्तीत जास्त वेळ भूमकर चौकात उभा असतो, याचं हसू येतं.


जुनाबाजार :

स्प्लेंडरला पण तिन्हीकडे बंदी आहे. एवढ्यापुरते आपण बरोबरीचे.


नवखा_९९ :

धागाकर्ते, ताई, टॉर्करेंच सर, हे हाफ क्लच आणि मागचा ब्रेक वगैरे शिकायचं कुठे? शिकवणी आहे का कुठे?


पाचफूटदोन :

शिकवणी कशाला. रिकामं मैदान, सहा रिकाम्या बिसलेरीच्या बाटल्या, त्यात थोडं पाणी म्हणजे वाऱ्याने उडणार नाहीत, आणि पहाटेचा एक तास. दोन बाटल्यांमधून आठचा आकडा काढायचा, आधी मोठा मग लहान. पाय फूटरेस्टवरच, खाली टेकला की तो आकडा बाद. क्रॅश गार्ड हवं आणि दोन्ही लीव्हरच्या क्लॅम्पचे स्क्रू किंचित सैल ठेव, म्हणजे पडली तर लीव्हर फिरतो, मोडत नाही. मी बोपदेवच्या पायथ्याला एका मैदानात करायचे, तिथले क्रिकेटवाले पोरगे बॉल थांबवून टाळ्या वाजवायचे, पडल्यावर जास्त.


वारजेकर :

अपडेट. काल रविवारी सकाळी साडेसहाला आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर बाटल्या मांडल्या. ताईंना विचारून, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाणी भरून. नवखा_९९ हडपसरहून बसने आला होता, पेठेतून दोन बस बदलून, त्याची जिद्द मानली पाहिजे. पहिला अर्धा तास मी एक आकडा पूर्ण करू शकलो नाही, दर वेळी वळणाच्या टोकाला पाय खाली. मग टॉर्करेंचनी लिहिलेलं केलं, तीन हजारावर एक्सलेटर धरून ठेवला, आवाज ऐकून चौथ्या मजल्यावरून कोणीतरी "अहो रविवार आहे" म्हणून ओरडलं. पण गाडी एकदम गुळगुळीत चालायला लागली, जसं काही दुसरीच गाडी. मान वळवून खांद्यावरून मागे बघितलं की गाडी आपोआप तिकडे येते, हे वाचून खरं वाटत नाही, करून वाटतं. साडेसातपर्यंत सलग सात आकडे झाले. वॉचमन काका खुर्ची घेऊन बसले होते, ते मोजत होते.

मग नवखाला दिली. त्याने चांगल्या तीन फेऱ्या काढल्या, खरं सांगतो माझ्यापेक्षा चांगल्या. नंतर थांबला, हेल्मेट काढलं, मला म्हणाला "दादा घेतोच आता", आणि हे म्हणताना स्टँड लावायला विसरला.


पाचफूटदोन :

अरे देवा. लागलं का त्याला?


नवखा_९९ :

मला काही नाही ताई. क्लच लीव्हर मात्र मोडला, क्लॅम्पचे स्क्रू सैल करायचे राहिले होते. दादा काही बोलले नाहीत, उलट वॉचमन काका आणि ते दोघं हसत होते. नवीन लीव्हर मीच आणून देणार आहे. शोरूममध्ये विचारलं तर ऑर्डर करावा लागेल म्हणाले, आठवडा लागेल. कुठे मिळेल का लगेच?


जुनाबाजार :

पडली तेव्हा काटा?


वारजेकर :

शून्य.


जुनाबाजार :

वाटलंच. @नवखा, नाना पेठेत बघ. मोडलेला लीव्हर बरोबर ने, मोबाईलमधला फोटो दाखवलास तर दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाईकाशी बोलायला लागतो. ओरिजिनल नाही मिळाला तरी बसणारा मिळेल. मी शनिवारी सकाळी जाणार आहे, ब्रेक शू घ्यायचेत. हडपसरहून येताना स्वारगेटला उतर, तिथून माझ्या मागे बस. स्प्लेंडर आहे, पाय टेकतात.